सॅक पाठीवर, भार कमरेवर!

दोस्तांनो, सुट्टीत ट्रेकला जायचं ठरलं की पहिली धांदल उडते ती सॅकची. "मोठीच घे, सगळं मावेल," असं घरात कुणीतरी म्हणतंच. आठवीत असताना मलाही तेच पटलं होतं. रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक होता. मामाची भलीमोठी सॅक मागून आणली आणि जागा दिसेल तसा भरत गेलो. दोन स्वेटर, चिवड्याचा डबा, वर एक जाडजूड पुस्तक! पेला तेवढा राहिला, तो बाहेर लटकवला.

रतनगडाच्या लोखंडी शिडीवर नेमका तो पेला अडकला. हिसका देऊन सोडवायला गेलो, तर सॅकच्या वजनाने मीच मागे झुकलो. खालच्या मित्राने आधार दिला म्हणून सावरलो. पुढे कात्राबाईच्या खिंडीपर्यंत खांदे इतके भरून आले, की माझं निम्मं सामान दोघा मित्रांनी वाटून घेतलं. फार ओशाळलो. सॅक चुकली की त्रास एकट्याला नाही, सगळ्यांना होतो, हे तेव्हा कळलं.

मग सॅक निवडायची कशी?

आधी स्वतःचं वजन करा. शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावं, असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. ट्रेकला थोडं जास्त चालेल, पण १५ टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. म्हणजे तुमचं वजन ४० किलो असेल, तर सगळं मिळून ६ किलो. आता हिशेब मांडा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटर घेतलं की २ किलो संपले. रिकामी सॅकच दीड किलोची असली, तर उरले अडीच किलो! त्यात पांघरूण, कपडे, टॉर्च आणि खाऊ. मग ७० लिटरची सॅक हवी कशाला? तीन दिवसांना ४० लिटरची पुरते. आणि हो, दुकानात रिकाम्या सॅकचं वजनही विचारा.

आता पाठ मोजा. उंची नाही हं, पाठ! मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका हाताला लागतो. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. सारख्या उंचीच्या दोघांचंही हे माप वेगळं निघू शकतं. आई-बाबांनो, पाठीचं माप कमी-जास्त करता येणारी सॅक मिळाली तर तीच बघा. मूल वाढलं तरी ती लगेच बाद होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा तो कमरेचा पट्टा. तो रुंद आणि गादीचा हवा. पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा. बराचसा भार कमरेवर उतरला आणि खांदे मोकळे वाटले, तर सॅक तुमच्या मापाची!

रिकामी सॅक कुणालाही हलकीच वाटते. म्हणून दुकानात तिच्यात पाच किलोंचं सामान घालायला सांगा. दहा मिनिटं चाला, जिना चढा-उतरा, वाकून बुटाची नाडी बांधा. सॅक डोक्यावर आली किंवा इकडेतिकडे हेलकावली, तर दुसरी बघा. रंग अगदी शेवटी! पहिल्याच ट्रेकला नवी घ्यायला हवी असंही नाही. कुणाची मागून आणलीत तरी चालेल, पण परीक्षा हीच घ्या.

भरताना आत आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, कारण पाऊस शिवणींतून आत शिरतो. पांघरूण तळाशी, जड वस्तू मधोमध पाठीला लागून, लगेच लागणाऱ्या वस्तू वर. बाहेर काही म्हणजे काही लटकवू नका.

परत आल्यावर एक काम करा. न वापरलेल्या वस्तूंची यादी लिहा आणि पुढच्या वेळी त्या घरी ठेवा. टॉर्च आणि औषधं मात्र त्यातून वगळा, ती हवीतच. माझ्या पहिल्या यादीत सगळ्यात वर ते जाडजूड पुस्तक होतं. तीन दिवसांत एक पानही उलटलं नव्हतं!