प्रथिनाचे चित्र आणि त्यामागचे ठिपके

पाठ्यपुस्तकात प्रथिनाचे रंगीत, पिळदार फितींचे चित्र असते आणि ते एखाद्या सूक्ष्मदर्शकातून टिपलेले असावे असे वाटते. तसे ते नसते. प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात फिरवला की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची, लहरींची कला, म्हणजे फेज, वेगळ्या युक्तीने शोधायची, दोन्हींतून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा काढायचा आणि मग त्या नकाशात अणू बसवायचे. चित्र हे या वाटेवरचे शेवटचे अनुमान. पुरावा असतो तो ठिपक्यांत. म्हणून रचनेत काही खटकले, तर दोष शोधायला ठिपक्यांपासूनच सुरुवात केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मॉडेल पुन्हापुन्हा घासून आकडे सुधारतीलही, पण मोजमापातला दोष त्याने जात नाही. तो झाकला मात्र जातो.

याची किंमत काय असते, ते 2006 साली दिसले. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेफ्री चँग यांच्या गटाने 2001 मध्ये ‘सायन्स’मध्ये एमएसबीए या जीवाणूंच्या वाहक प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली होती. याच कुळातली काही प्रथिने कर्करोगाच्या पेशींमधून औषधे बाहेर फेकतात, त्यामुळे त्या रचनेला मोठे महत्त्व आले. पुढे झुरिकमध्ये डॉसन आणि लोखर यांनी सॅव्ह1866 या त्याच कुळातल्या प्रथिनाची रचना 3 अँगस्ट्रॉम विभेदनाने काढली, आणि दोन्हींचा मेळ बसेना. तपासाअंती कळले की प्रयोगशाळेतच लिहिलेल्या एका प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्याने चिन्ह उलटले आणि नकाशा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा निघाला. 2001 ची रचना 4.5 अँगस्ट्रॉमची होती. इतक्या ढोबळ नकाशात प्रथिनाची सर्पिल वळणे नुसत्या दांड्यांसारखी दिसतात, पीळ उजवा की डावा हे ओळखणे कठीण जाते. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. मूळ मोजमापे मात्र शाबूत होती, आणि म्हणूनच त्याच गटाला 2007 मध्ये दुरुस्त रचना देता आल्या.

आकड्यांची अशी अदलाबदल क्वचितच होते. स्फटिकातले आणि मोजणीतले दोष मात्र नित्याचे आहेत, आणि त्यांतले बरेचसे मूळ प्रतिमा उघडून पाहिल्या तर डोळ्यांनाच दिसतात. स्फटिक साधारण 100 केल्विनला गोठवतात. ग्लिसरॉलसारखा गोठणरोधक पदार्थ कमी पडला तर पाण्याचा बर्फ होतो आणि 3.90, 3.67 व 3.44 अँगस्ट्रॉमच्या जागी कडी उमटतात. त्या कड्यांखाली सापडलेल्या ठिपक्यांची तीव्रता चुकीची मोजली जाते. याहून फसवी असते ती किरणांनी होणारी इजा. झोत चालू असतानाच स्फटिक झिजत जातो, गंधकाच्या दोन अणूंमधले बंध तुटतात, आणि तो तुटलेला बंध प्रथिनाचा मूळ गुणच आहे असा निष्कर्ष एखादा संशोधक प्रामाणिकपणे काढून बसतो. अशा वेळी शेवटच्या प्रतिमा वगळून गणित पुन्हा करून पाहावे, किंवा किरणांची मात्रा कमी ठेवून अनेक स्फटिकांवर मोजणी वाटून घ्यावी. जुळे स्फटिक मात्र प्रतिमांवर नजर टाकून सहसा ओळखू येत नाहीत. त्यांत दोन दिशांचे ठिपके एकमेकांवर पडतात, त्यामुळे फार क्षीण आणि फार तेजस्वी ठिपके कमी होऊन सगळे मध्यम होऊ लागतात. तीव्रतेच्या वर्गांची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग हे गुणोत्तर निर्दोष स्फटिकात 2 च्या आसपास असते; पूर्ण जुळ्यात ते 1.5 पर्यंत उतरते. इतकी सोपी तपासणी अगदी सुरुवातीलाच करून टाकावी.

यावर असे म्हटले जाईल की इतका काटेकोरपणा हवा असेल तर क्षीण ठिपके सरळ फेकून द्यावेत आणि उजळ तेवढेच वापरावेत. अनेक वर्षे हेच केले गेले, कारण आर-मर्ज हा निर्देशांक तसेच सांगत होता. एकच तीव्रता अनेकदा मोजल्यावर त्या मोजमापांत किती तफावत पडते, ते तो दाखवतो. पण त्यात एक विपर्यास आहे: मोजणी जितकी जास्त वेळा करावी तितकी सरासरी अधिक विश्वासार्ह होते, आणि आर-मर्ज मात्र वाढत जातो! म्हणजे चांगले काम वाईट दिसते. 2012 मध्ये कार्पलस आणि डीडरिक्स यांनी वेगळा मार्ग सुचवला. मोजमापांचे यादृच्छिकपणे दोन भाग करायचे आणि दोन्ही भागांच्या सरासऱ्यांचा सहसंबंध पाहायचा. जुन्या नियमाने फेकले गेले असते असे क्षीण ठिपके ठेवल्यावर मॉडेल सुधारते, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा काटेकोरपणा म्हणजे काटछाट नव्हे. कोणता ठिपका क्षीण आहे आणि कोणता बिघडलेला, हा भेद करता आला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे संगणकच तपासतो. 1992 मध्ये ब्रुंगर यांनी आणलेला आर-फ्री आहे, त्यात काही ठिपके बाजूला राखून मॉडेलची परीक्षा घेतली जाते. 1963 मध्ये मद्रासमध्ये रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला आलेख तर जगभर वापरला जातो. ही साधने मोलाचीच आहेत. पण पहिले साधन मॉडेल मोजमापांशी जुळते का हे विचारते, दुसरे भूमिती शक्य आहे का हे विचारते. राखून ठेवलेले ठिपकेच बर्फाखाली मोजलेले असतील, तर आर-फ्री त्या बर्फाकडे बोट दाखवणार नाही. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीमुळे प्रयोगाची गरज संपली, हेही पटणारे नाही. ते 1971 पासून साठत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवर शिकले आहे. शिवाय एखादे औषध प्रथिनाच्या खाचेत नेमके कसे बसले, याची खात्री आजही मोजमापानेच करावी लागते. त्या बँकेत 2008 पासून रचनेबरोबर ठिपक्यांच्या तीव्रता देणे सक्तीचे झाले, ते योग्यच झाले. मूळ प्रतिमा मात्र अजूनही सक्तीच्या नाहीत. त्या अवाढव्य असतात, साठवायला खर्च येतो, ही अडचण खरी आहे. पण तीव्रतांच्या यादीत बर्फाची कडी दिसत नाहीत, आणि आजच्या प्रोग्रॅमने चुकीच्या वाचलेल्या प्रतिमा उद्याचा प्रोग्रॅम बरोबर वाचू शकतो, त्या ठेवलेल्या असतील तर. झेनोडोसारख्या भांडारांत काही गट त्या स्वखुशीने ठेवू लागले आहेत. सार्वजनिक पैशातून मोजल्या गेलेल्या प्रत्येक स्फटिकासाठी तो नियम व्हायला हवा.