बँकेत सक्तीची सुट्टी कशासाठी?

बँकेत संवेदनशील पदावर काम करणाऱ्याला एक दिवस अचानक सांगितलं जातं, ‘उद्यापासून सुट्टीवर जा.’ दरवर्षी, सलग किमान १० कामाचे दिवस, पूर्वसूचनेशिवाय. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पण कशासाठी?

तोटा एकदा लपवून भागत नाही, तो रोज लपवावा लागतो. गळक्या छताखालची बादली भरण्याआधी गुपचूप रिकामी करत राहावी, तसा. खोटा व्यवहार नोंदवायचा, समोरच्या पक्षाकडून खातरजमा होण्याआधी तो रद्द करायचा आणि त्याजागी नवा खोटा व्यवहार घालायचा. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेतला ट्रेडर जेरोम केर्व्हिएल असंच करत होता आणि सुट्टी टाळत होता. २००८ मध्ये प्रकरण उघड झालं, तेव्हा बँकेला ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला.

माणूस सुट्टीवर गेला की त्याचे फोन दुसरा घेतो, हिशेब दुसरा जुळवतो आणि न जुळणारा आकडा वर येतो. म्हणूनच या काळात त्याला कामाच्या संगणकप्रणालीतही प्रवेश नसतो. हा कुणा एकावरचा संशय नव्हे. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे प्रामाणिक कर्मचाऱ्याची सचोटीही दरवर्षी आपोआप सिद्ध होते.