सकाळची एकच संधी: जुनी एअर-कूल्ड व्हॅन थंडीत स्टार्ट होत नाही तेव्हा



गॅरेजमध्ये गाडी येते. मालक म्हणतो, "सकाळी स्टार्टच होत नाही हो, दुपारी मात्र एका सेल्फात." आणि गाडी तुमच्याकडे येते तीही दुपारी, स्वतः चालत! मग शोधणार काय? आपण अंदाज बांधतो आणि पार्ट बदलतो.

माझ्याकडून नेमकं हेच झालं. सत्तरच्या दशकातली फोक्सवॅगन व्हॅन, मागच्या बाजूला १६०० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच, हौशी मालक जिवापाड जपतात. आम्ही आधी बॅटरी बदलली, मग कॉइल, मग कार्बोरेटर मागवून बसवला. प्रत्येक वेळी गाडी आमच्यासमोर मस्त स्टार्ट झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन! चौथ्यांदा फोन आला नाही. ते दुसरीकडे गेले होते.

तिथल्या जुन्या मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला: "साहेब, तुम्ही स्टार्ट कशी करता, दाखवा बरं."

साहेबांनी नव्या गाडीसारखी नुसती चावी फिरवली. पण या कार्बोरेटरचा ऑटोमॅटिक चोक थंड इंजिनवर तेव्हाच लागतो, जेव्हा तुम्ही ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडता. तोपर्यंत लिव्हर अडकून राहतो, चोकची पाकळी उघडीच राहते आणि थंड इंजिनला घट्ट मिश्रण मिळत नाही. आमचे मेकॅनिक सवयीने पॅडल दाबायचे, म्हणून आमच्याकडे दोष दिसलाच नाही. गाडीत बिघाड नव्हताच. मी तिन्ही पार्टचे पैसे परत केले. साहेबांनी ते घेतले, पण गाडी पुन्हा आणली नाही.

म्हणून आता आमचा क्रम ठरलेला आहे.

आधी विचारा

"स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. सेल्फच फिरत नाही किंवा जड फिरतो. सेल्फ छान फिरतो, पण इंजिन उचलत नाही. किंवा इंजिन उचलतं आणि बंद पडतं, गरम होईपर्यंत मिसिंग करतं. तिघांचे रस्ते वेगळे. यातली कुठली तक्रार आहे ते जॉब कार्डवर मालकाच्याच शब्दांत लिहा.

गाडी मुक्कामाला ठेवा

इंजिन एकदा चालू झालं की पुरावा गेला, तो पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळणार. म्हणून चावी फिरवायच्या आधी जे बघता येतं, ते सगळं आधी बघून घ्या.

१. बॅटरी: मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

२. टॅपेट: गॅप पूर्ण थंड इंजिनवरच मोजायचा असतो, म्हणून आत्ताच मोजा. इंजिन हाताने फिरवा. या १६०० इंजिनला इनटेक, एक्झॉस्ट दोन्हीला ०.१५ मिमी. गॅप उरलाच नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कंप्रेशन गळतं.

३. चोक: एअर क्लीनर काढा, पॅडल एकदा दाबून सोडा. पाकळी मिटायला हवी. मिटली नाही तर चोकच्या झाकणातल्या स्प्रिंगचं टोक लिव्हरमध्ये अडकलंय का ते बघा. आणि इग्निशन ऑन ठेवून गप्पा मारू नका. हा चोक विजेवर तापतो, बोलता बोलता उघडून जाईल.

४. पेट्रोल: कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने फिरवा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. दिसली नाही तर बहुतेक बाऊल रिकामा आहे. गाडी आठवडाभर उभी असेल तर पेट्रोल उडून जातं, मग पंपाने बाऊल भरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो.

आता चावी फिरवा

सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी चांगली असून सेल्फ जड फिरत असेल तर गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी बघा, जुन्या गाडीत ती गंजलेली असते. नुसता 'टक्' आवाज येत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर व्होल्टेज मोजा. सेल्फ मागे आणि चावी पुढे, म्हणून ती वायर गाडीभर फिरून येते आणि वाटेत व्होल्टेज पडतो.

सेल्फ छान, पेट्रोल आहे, चोक बंद, तरी उचलत नाही? मग स्पार्क. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. पण पेट्रोलचा वास येत असेल तर उघड्यावर ठिणगी काढायची नाही. टाकी इंजिनच्या अगदी पुढे आहे, जुने पाइप तडकलेले असतात. आधी पाइप बदला, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा.

उचलून बंद पडत असेल तर इनटेक मॅनिफोल्डखालचा गरम एक्झॉस्टचा पाइप हाताने तपासा, जपून. इंजिन चालल्यावर तो तापला नाही तर आत कार्बन भरलाय. आणि कुलिंगच्या हवेचा थर्मोस्टॅट कोणी काढून टाकलाय का बघा. तो नसेल तर इंजिन गरम व्हायला उगाच वेळ लागतो.

आता धंद्याचं बोलू

"नुसतं बघायचे पैसे?" असं गिऱ्हाईक म्हणतंच. पण आपण बघायचे पैसे मागत नाही म्हणून पार्ट विकून ते वसूल करतो, आणि तिथेच विश्वास जातो. मी आता तपासणीचे ८०० रुपये आधीच सांगतो. गाडी रात्री ठेवतो, सकाळी मालकाला समोर उभं करून तपासतो आणि प्रत्येक आकडा कार्डवर लिहून देतो. दोष निघाला नाही तरी 'काय काय ठीक आहे' याचा कागद त्यांच्या हातात जातो. एकही पार्ट न विकता ८०० रुपये देऊन गेलेला माणूस पुढची सर्व्हिसिंग माझ्याकडेच करतो, हा माझा अनुभव आहे.

आज एवढंच करा. जॉब कार्डवर सगळ्यात वर एक ओळ छापून घ्या: "गाडी कशी स्टार्ट करता, दाखवा."

ही एक ओळ मला तीन पार्ट आणि एक गिऱ्हाईक देऊन मिळाली. तुम्हाला फुकट देतोय, वापरा!

भेटू पुढच्या व्हिडिओत.