फीनिक्सचे वार्तापत्र : सरवा वेचणारा माणूस

फीनिक्स, ॲरिझोना

जानेवारी लागला की इथल्या घरांच्या आवारातली संत्री, लिंबं आणि ग्रेपफ्रूटची झाडं ओझ्यानं वाकतात. एका कुटुंबाला एका झाडाची फळं संपत नाहीत. मग स्वयंसेवकांच्या टोळ्या येतात, झाडं उतरवतात आणि पेट्या भरून फळं सेंट मेरीज फूड बँकेत पोचवतात. या शहरात हे काम ज्यांच्या हातून सुरू झालं ते जॉन व्हॅन हेंगेल २००५च्या ऑक्टोबरमध्ये गेले. जगातली पहिली फूड बँक त्यांनी उभारली. तरी हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही आणि अमेरिकेतही रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर क्वचितच सांगता येईल.

व्हॅन हेंगेल १९२३ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉपन या लहान गावात जन्मले. पदवी घेऊन कॅलिफोर्नियाला गेले, तिथे निरनिराळ्या नोकऱ्या केल्या, संसार मांडला. पुढे घटस्फोट झाला. गावाकडे परतून दगडाच्या खाणीत मजुरी धरली. त्या काळात एक मारामारी सोडवताना त्यांना जबर मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली. प्रकृती सुधारावी म्हणून ते ॲरिझोनाच्या उबदार, कोरड्या हवेत आले. चाळिशी उलटलेला, घरदार मागे पडलेला, शरीरानं खचलेला हा माणूस फीनिक्समधल्या सेंट मेरीज या कॅथलिक चर्चमध्ये पडेल ते काम करू लागला.

चर्चच्या वर्तुळातल्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या अन्नछत्रात ते राबत. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती वाचकांना ती आपल्या चर्चमुळे परिचयाची असेल. अन्नछत्राला भाजी-फळं कमी पडत. व्हॅन हेंगेल जुनी गाडी घेऊन बागांमध्ये जात, मालकाची परवानगी घेत आणि तोडणीनंतर राहिलेला माल गोळा करून आणत. पिकाचा सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी शेतात राहू द्यावा, असा नियम बायबलच्या जुन्या करारात आहे. त्या नियमाला त्यांनी चाकं लावली.

अशात त्यांना एक बाई भेटली. नवरा तुरुंगात, पदरात दहा मुलं. किराणा दुकानामागच्या कचरापेट्यांतून मिळेल त्यावर ती मुलं पोसत होती. ते स्वतः जाऊन पाहतात तो खरोखरच खाण्याजोगं अन्न फेकलेलं. तिनं बोलता बोलता सुचवलं, की पैशासाठी जशी बँक असते तशी अन्नासाठी असायला हवी. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं ठेवावं, ज्याला हवं त्यानं न्यावं. व्हॅन हेंगेल यांनी हे बोलणं चर्चपुढे ठेवलं. चर्चनं तीन हजार डॉलर आणि एक रिकामी पडलेली इमारत दिली. १९६७ साली काम सुरू झालं आणि पहिल्याच वर्षात पावणेतीन लाख पौंड, म्हणजे सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटलं गेलं.

आपल्या वाचकांसाठी इथली व्यवस्था थोडी उलगडून सांगतो. फूड बँक हे घाऊक कोठार असतं. कंपन्या, दुकानं, शेतकरी यांचा माल तिथे उतरतो, तपासला जातो, तारखेप्रमाणे लावला जातो. तिथून तो चर्च, शाळा, निवारे आणि वस्तीतल्या छोट्या वाटप-केंद्रांकडे जातो. दुकानदार विकण्याजोगं अन्न टाकतो त्याला कारणं असतात. डबा चेपलेला असतो, वेष्टन चुकीचं छापलेलं असतं, तारीख जवळ आलेली असते. दिलेलं अन्न खाऊन कोणी आजारी पडलं तर कोर्टकचेरी मागे लागेल, हीसुद्धा धास्ती असे. १९७६ सालच्या करकायद्यानं अन्नदान कंपन्यांना परवडू लागलं आणि १९९६च्या कायद्यानं सद्‌भावनेनं देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण मिळालं. व्हॅन हेंगेल यांच्या कामाला देशभर वाट मिळाली ती अशी. त्यांनी उभारलेली राष्ट्रीय संघटना आज ‘फीडिंग अमेरिका’ या नावानं सुमारे दोनशे फूड बँकांना जोडते. कॅनडा आणि युरोपातही ही कल्पना पोचली.

इतक्या श्रीमंत देशात याची गरज का पडावी, हा प्रश्न इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पडतो. वाटप-केंद्रासमोरची रांग मोटारींची असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण फीनिक्ससारख्या ऐसपैस शहरात गाडी नसेल तर नोकरीवर पोचणंच कठीण. घरभाडं टळत नाही, गाडीचा हप्ता टळत नाही, दवाखान्याचं बिल टळत नाही. कात्री लागते ती ताटाला. सरकारची अन्नसाहाय्य योजना आहे, पण अनेक घरांत ती रक्कम महिनाअखेरपर्यंत पुरत नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२३मध्ये देशातल्या साडेतेरा टक्के कुटुंबांना वर्षातून कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. सरकार आणि बाजार यांच्यामधली ही फट इथे चर्च आणि स्वयंसेवक बुजवतात. निवृत्त शिक्षिका, कॉलेजची मुलं, कंपनीतून गटानं आलेले नोकरदार डबे निवडतात, खोकी भरतात. कोणी नाव विचारत नाही.

व्हॅन हेंगेल स्वतः असेच वागले. वर्षानुवर्षं त्यांनी पगार घेतला नाही. गॅरेजवरच्या, कोणीतरी राहायला दिलेल्या खोलीत राहिले, दुसऱ्यांनी वापरून दिलेले कपडे घातले. दुसऱ्या शहरांतले लोक विचारायला आले तेव्हा आपली रीत त्यांनी मोकळेपणानं शिकवली. १९७७पर्यंत अठरा शहरांत फूड बँका उभ्या राहिल्या होत्या. मला त्यांचं मोठेपण या ठिकाणी दिसतं. भुकेल्याला पाहून कळवळणं अनेकांना जमतं. त्या कळवळ्याची रोज सकाळी उघडणारी कोठी करणं आणि ती चालू लागल्यावर बाजूला होणं फार थोड्यांना जमतं.

अन्नदानाची थोरवी आपल्याला सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर वारकरी उपाशी राहत नाही, लंगरात आणि भंडाऱ्यात कोणाला जात विचारली जात नाही. पण आपलं बरंचसं अन्नदान तिथीला आणि उत्सवाला बांधलेलं आहे, भूक मात्र रोजची आहे. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकारानं रोटी बँक चालते, समारंभांत उरलेलं अन्न वस्त्यांपर्यंत जातं. असं काम जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवं. त्यासाठी मोठा दाता लागतोच असं नाही. बाजार समितीत संध्याकाळी उरणारा भाजीपाला कोण उचलणार, कुठे ठेवणार, कोणाकडे नेणार, याचा हिशेब ठेवणारा एक चिकाटीचा माणूस प्रत्येक गावात लागतो. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्याकडे जागा आहे आणि लोकांचा विश्वासही आहे. फीनिक्सच्या चर्चनं एका खचलेल्या स्वयंसेवकावर तीन हजार डॉलरचा विश्वास टाकला, आणि त्यातून किती अन्न कचऱ्यात जायचं वाचलं ते जगानं पाहिलं. असा विश्वास टाकण्याइतकी ऐपत आपल्या संस्थांकडे नक्कीच आहे.