थेटफर्डचे पत्र : बिळातला ससा कोणाचा?

थेटफर्ड (नॉरफोक), जानेवारी

इंग्लंडमधली शिकार म्हटली की लाल कोटातले घोडेस्वार आणि कोल्ह्याच्या मागावर सोडलेली कुत्र्यांची झुंड डोळ्यांसमोर येते. ती शिकार २००४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये बंद झाली. त्या कायद्यावरून लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, संसदेत वर्षानुवर्षे वाद झाले. पण त्याच कायद्यात ससे आणि उंदीर यांना अपवाद ठेवला आहे. जमीनमालकाची परवानगी असेल तर सशावर आजही कुत्रा घालता येतो. बिळात सोडायच्या फेरेट या छोट्या पाळीव प्राण्याचा तर त्या कायद्याशी संबंधच नाही. त्यामुळे इथल्या खेड्यांत हिवाळा आला की एक दुसरीच शिकार सुरू होते. तिला घोडा लागत नाही, गणवेश लागत नाही, मोठी इस्टेट लागत नाही. दोन-तीन माणसे, लाकडी पेटीत फेरेट, पिशवीभर जाळ्या आणि जमल्यास एखादी बंदूक. गावकऱ्यांची ही शिकार समजून घेतल्याशिवाय इंग्लंडमधली जमीन समजत नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी सशाविषयी. आपल्या माळावरचा ससा बीळ खोदत नाही. गवतात, झुडपाच्या आडोशाला तो दबून बसतो आणि संकट आले की पायांच्या बळावर पळतो. इथला ससा हा निराळा प्राणी. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालचा, आणि जमिनीखाली वसाहत करून राहतो. एका बांधात वीस-तीस तोंडांचे, आतून एकमेकांना जोडलेले बिळांचे जाळे असते. मादीला महिनाभरात पिल्ले होतात आणि ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. सात ते दहा ससे मिळून एका मेंढीइतका चारा खातात, असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशेब आहे. गव्हाच्या कोवळ्या शेताची बांधाकडची कड हिवाळ्यात पाहिली तर त्यावर विश्वास बसतो. अशा प्राण्यापुढे नुसती बंदूक अपुरी पडते, कारण तो दिवसाचा बराच वेळ खालीच असतो. त्याला बाहेर काढायला कोणीतरी आत जावे लागते.

ते काम फेरेट करते. पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याची ही पाळीव जात, अंगाने मुंगसासारखी लांबट आणि लवचीक. स्पेनमधले लोक असाच प्राणी तोंडाला मुसके बांधून सशांच्या बिळात सोडतात, असे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. सशाच्या कामाला बहुधा मादी घेतात, कारण ती लहान असते. पांढऱ्या रंगाची अनेकांना आवडते, कारण काटेरी झुडपात ती चटकन दिसते आणि बंदूकवाल्याची गफलत होत नाही.

ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या बांधावरचे काम पाहायला बोलावले. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पाने झडलेली असतात, चिडवणीची झुडपे वाळलेली असतात आणि बिळात पिल्ले कमी असतात. सगळ्यात पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. गाडी दूर उभी केली, दार न आपटता लावले, पुढचे सगळे बोलणे हाताच्या खुणांनी. पावलांची धमक सशाला जमिनीतून कळते आणि वर माणसे आहेत हे ओळखलेला ससा सहजी बाहेर येत नाही. कुत्र्याने बिळांची तोंडे हुंगून कुठे वस्ती आहे ते दाखवले. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने जात प्रत्येक तोंडावर बटव्यासारखी आवळली जाणारी छोटी जाळी पसरली, तिची दोरी खुंटीने जमिनीत ठोकली. फेरेटच्या गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा बांधला आणि तिला आत सोडले.

काही वेळ काहीच घडत नाही. मग जमिनीखालून धप् धप् असा आवाज येतो. ससा मागचा पाय आपटून इतरांना इशारा देत असतो. त्यानंतर एकदम एक जाळी ताणली जाते आणि आत ससा. जाळीपाशी बसलेला माणूस क्षणात त्याची मान मोडतो. हे पाहणे मला सोपे गेले नाही, पण त्या हाताला सवय होती आणि ससा तडफडला नाही. लगेच दुसरी जाळी त्या तोंडावर घातली जाते, कारण मागून आणखी येत असतात.

बांधाची पुढची बाजू ब्रॅम्बलच्या काटेरी झुडपांनी भरलेली होती. तिथे जाळी पसरता येत नाही, म्हणून बंदुका. बारा बोअरच्या दुनळ्या घेऊन दोघे बांधाच्या दोन्ही अंगांना उभे राहिले, दोघांनाही दुसरा नेमका कुठे आहे ते माहीत. या कामाचे नियम कडक आहेत. ससा तोंडातून बाहेर पडताना गोळी झाडायची नाही, कारण फेरेट त्याच्या शेपटीशी असू शकते. त्याला मोकळ्या जागेत येऊ द्यायचे. बांधाकडे, कुत्र्याकडे, दुसऱ्या माणसाकडे नळी फिरवायची नाही. तशा दिशेने ससा गेला तर त्याला जाऊ द्यायचे. त्या सकाळी कितीतरी ससे असे सुखरूप निसटले आणि कोणीही हळहळले नाही. बंदुकीचा परवाना पोलीस देतात, तो पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि बंदूक घरात कुलपाच्या कपाटात ठेवावी लागते.

एकदा फेरेट बाहेरच येईना. आतच ससा मारून ती तिथे झोपली होती. हातातले यंत्र जमिनीवरून फिरवले, आवाजावरून जागा आणि खोली कळली, मग फावड्याने खणून तिला बाहेर काढले आणि खड्डा पुन्हा बुजवला. दुसऱ्याच्या जमिनीत खड्डा ठेवून जायचा नाही, हा या लोकांचा अलिखित कायदा.

आता थेटफर्डविषयी, कारण सशांचा इतिहास इथल्या वाळूत आहे. नॉर्मन राजवटीत, बाराव्या शतकात ससा इंग्लंडमध्ये पाळायला आणला गेला. तेव्हा तो नाजूक आणि महाग होता, मांस आणि कातडीसाठी त्याला कुंपणात जपत. गावाबाहेर आजही १४०० च्या सुमाराची एक जाड भिंतींची दुमजली दगडी इमारत उभी आहे. ती इथल्या मठाच्या प्रमुखाने सशांच्या राखणदारासाठी बांधली, चोरांपासून बचाव करता यावा म्हणून किल्ल्यासारखी. त्याच काळात, १३९० च्या सुमारास, वर्षाला चाळीस शिलिंगांचे उत्पन्न देणारी जमीन नसलेल्या सामान्य माणसाने फेरेट, जाळी किंवा शिकारी कुत्रा पाळू नये असा कायदा झाला. १७२३ च्या ब्लॅक ॲक्टने तर शस्त्र घेऊन किंवा वेश पालटून सशांच्या राखीव रानात चोरी करणाऱ्याला फाशीची तरतूद केली. जिवंत रानटी ससा कायद्याने कोणाच्याच मालकीचा नाही. त्याला धरण्याचा हक्क मात्र जमिनीला चिकटलेला होता आणि जमीन मूठभरांची होती. उपाशी मजुराने रात्री खिशातून फेरेट नेली तर तो गुन्हेगार.

या थेटफर्डमध्येच १७३७ मध्ये टॉमस पेन जन्मला. त्याचे 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले होते, म्हणून त्याच्या पुतळ्यापाशी मराठी माणसाचे पाय थबकतात. पेनच्या गावच्या कुळाला स्वतःच्या पिकातला ससा मारण्याचा हक्क मिळायला १८८० साल उजाडावे लागले. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने केलेल्या त्या कायद्याने कुळाला ससे मारण्याचा असा हक्क दिला, की जमीनदाराने करारात लिहून घेतले तरी तो काढून घेता येत नाही. तीन वर्षांनी फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण झाला. ते पुस्तक ज्या प्रश्नाभोवती फिरते, तो इथेही होता: पेरणाऱ्याचा हक्क किती?

आज कायदा उलट्या टोकाला आहे. १९५४ च्या कायद्यानुसार आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे. मारणे शक्य नसेल तर कुंपण घालून त्यांना रोखायचे. तेही केले नाही तर सरकार नोटीस काढते. आपल्याकडे रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करते तेव्हा शेतकरी वनखात्याच्या परवानगीची आणि भरपाईची वाट पाहतो. इथे परवानगी हातात आहे, पण जबाबदारीही त्याच्याच अंगावर.

फेरेटच्या शिकारीला प्राणिप्रेमी संघटनांचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. पण सशांवर या देशात खरी क्रूरता कोणती झाली, ते १९५३ ने दाखवले. फ्रान्समध्ये एका डॉक्टरने आपल्या इस्टेटीवर मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाचा विषाणू सोडला होता. तो रोग केंटमध्ये पोचला आणि दोनेक वर्षांत ब्रिटनमधले जवळजवळ सगळे ससे मेले. सुजलेल्या डोळ्यांचे आंधळे ससे रस्त्यांवर भरकटत मरत होते. रोगट ससे मुद्दाम दुसरीकडे नेऊन सोडणारेही निघाले. १९५४ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. आणि ससे गेल्यावर गवत वाढले, जमीन थंडावली, ज्या मुंग्यांच्या वारुळात 'लार्ज ब्लू' फुलपाखराच्या अळ्या वाढत त्या मुंग्या हटल्या, आणि १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. पुढे परदेशातून आणून ते पुन्हा वसवावे लागले.

१९९० च्या दशकापासून रक्तस्रावी रोगाच्या विषाणूने सशांना पुन्हा ग्रासले आहे. थेटफर्डभोवतीच्या ब्रेकलँडच्या माळांवर आता काही ठिकाणी सशांसाठी लाकूडफाट्याचे ढीग रचून निवारा केला जातो, कारण त्यांनी खुडलेल्या आखूड गवतावर इथली दुर्मीळ झाडे आणि पक्षी जगतात. म्हणून मला वाटते, ज्या बांधावर पीक जाते तिथे फेरेट आणि जाळी हाच योग्य मार्ग आहे. तो एकेका सशाला लागतो, त्यात विष नाही, आणि शेजारच्या माळावरची वसाहत तो पुसून टाकत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना एक सांगणे. गावाकडच्या शेजाऱ्याने अशा कामाला बोलावले तर मार्चच्या आत जरूर जा. बंदुकांच्या मागे उभे राहा, फेरेट आत असेपर्यंत बोलू नका, आणि निघताना ससा दिला तर नाकारू नका. त्याच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून कांद्याखोबऱ्याच्या वाटणात, झाकण ठेवून, मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या.