साडेतीन हात जमीन

इंग्रजीच्या तासाला गोष्ट वाचून संपली की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: या गोष्टीचे तात्पर्य काय? वर्गाचे उत्तरही ठरलेले असते. लोभ वाईट, खोटा डौल वाईट, खरे बोलावे. वहीत एक ओळ उतरते, घंटा होते आणि गोष्ट दप्तरात जाते. परंतु वर्गात एखादी मुलगी अशी असते की तिला हे उत्तर पटत नाही. तिला गोष्ट आवडलेली असते, नव्हे लागलेली असते, आणि म्हणूनच ती एका ओळीत मिटलेली तिला खपत नाही. शिक्षक हिला अवांतर प्रश्न विचारणारी म्हणतात. वास्तविक तिचा प्रश्न अवांतर नसून तोच खऱ्या वाचनाचा आरंभ असतो.

परभाषेतील गोष्ट वाचताना मनाला दोन कामे एकदम करावी लागतात. एकीकडे शब्दांचे अर्थ लावायचे, दुसरीकडे माणसे ओळखायची. पहिल्या कामातच शक्ती सरली की हाती गोष्टीचा सांगाडा तेवढा उरतो. तात्पर्य हे त्या सांगाड्याचेच दुसरे नाव होय. शिकलेले ज्ञान आपल्या भाषेत मुरावे हा आग्रह तळेगाव दाभाड्याला नवा नाही. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय याच गावी राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. सरकारने ते १९१० साली बंद केले. इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणत नाही. मात्र इंग्रजीत वाचलेली गोष्ट मराठीत मनाशी बोलल्याखेरीज आपली होत नाही, हे वर्गात वारंवार दिसते.

मोपासांची १८८४ सालची कंठ्याची गोष्ट घ्या. एका कारकुनाची बायको मेजवानीसाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा कंठा उसना आणते, तो हरवते, छत्तीस हजार फ्रँकांचा दुसरा घेऊन देते आणि ते कर्ज फेडता फेडता दहा वर्षांत झिजून जाते. शेवटी कळते की मूळचा कंठा खोटाच होता. तात्पर्याचे उत्तर म्हणते, डौलाची शिक्षा मिळाली. पण लग्नसराईत शेजारणीचा दागिना उसना घालण्याची रीत ज्या घरात चालत आली आहे, तेथील मुलगी निराळेच विचारते: हरवला हे त्यांनी सांगितले का नाही? हा प्रश्न नेमका वर्मावर बसतो. कंठ्याचा फासा तुटला आहे, दुरुस्तीस दिला आहे, अशी चिठ्ठी नवराच तिच्याकडून लिहवून घेतो. सारी दहा वर्षे त्या एका चिठ्ठीतून निघाली आहेत. मेजवानीला जाण्याची हौस हा त्या मानाने किरकोळ अपराध म्हणावा लागेल.

तरी तळेगावच्या परिसरातील मुलांना सर्वांत अधिक अस्वस्थ करील अशी गोष्ट टॉलस्टॉयची. माणसाला जमीन किती लागते, असा प्रश्नच तिच्या नावात आहे. प्रसिद्धी १८८६ सालची. पाहोम नावाचा शेतकरी जमिनीमागून जमीन घेत जातो. अखेर बाश्कीर लोकांच्या मुलुखात त्याला अजब भाव ऐकू येतो: एका दिवसाचे हजार रुबल. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पायी जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी. मात्र मावळण्यापूर्वी निघाल्या जागी परत ये. पाहोम धावत परत येतो आणि तेथेच कोसळून मरतो. पुरायला लागते ती जागा रशियन मुळात तीन अर्शिन आहे, इंग्रजी भाषांतरात ती सहा फूट झाली. फुटांचा आकडा वर्गाच्या कानांवरून जातो. तोच कोणी ‘साडेतीन हात’ म्हटले की घरातली सारी म्हातारी माणसे बोलू लागल्यासारखे वाटते, आणि गोष्ट एकदम मावळात येते.

आणि मावळात आली म्हणजे तिची परीक्षा सुरू होते. समजा, ही मुलगी नवलाख उंबऱ्याकडची आहे. घरची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली, मोबदला आला, त्यात घर बांधले, मोटार आली, काही पैसा सोयरिकीत गेला. सातबाऱ्यावरचे नाव मात्र गेले ते गेलेच. याच परिसरात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस त्यातील उत्पादन थांबले. पुढे २०२३ साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला होता, हे तिने आजोबांकडून ऐकलेले असते. अशा मुलीला वर्गात सांगितले जाते की जमिनीची ओढ म्हणजे लोभ. ती वहीत लिहिते: पाहोमला जमीन हवी होती यात चूक काय? शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात.

गोष्ट पुन्हा उघडून पाहिली तर रेघ घाईने ओढली गेली असे दिसेल. पाहोमची हाव आभाळातून पडलेली नाही. शेजारच्या जमीनदारणीचा कारभारी दंडामागून दंड बसवतो. कधी घोडा ओटांच्या पिकात शिरला, कधी गाय बागेत, कधी वासरे कुरणात, आणि प्रत्येक वेळी पाहोमच्या खिशाला चट्टा. स्वतःची जमीन असती तर हा जाच नसता, हे त्याचे म्हणणे अगदी सरळ आहे. पुढे जमीन होते आणि तोच दुसऱ्यांच्या गुरांवरून भांडू लागतो, कोर्टात जातो. गरज नेमकी कोणत्या पायरीवर हाव झाली, ती जागा टॉलस्टॉय बोट ठेवून दाखवीत नाही. ती शोधणे हे वाचकाचे काम होते, आणि वर्गात तेवढेच राहून गेले.

शिवाय ही मुलगी एकटी नाही. बारा वर्षांनी, १८९८ साली, चेकॉव्हने गूजबेरींची गोष्ट लिहिली. तीतील इव्हान इव्हानिच तीन अर्शिनांचे वचन आठवून म्हणतो की एवढी जागा प्रेताला लागते, जिवंत माणसाला नव्हे. मुलीच्या वहीतील वाक्याला याहून मोठा साक्षीदार कोठून आणावा?

पण साक्षीदार पुरता तिच्या बाजूचाही नाही. इव्हानचा भाऊ जन्मभर पै पै साचवतो, पैशासाठी लग्न केलेल्या बायकोची उपासमार करतो, आणि शेवटी मळा घेतो. त्यातील आंबट फळे तो डोळ्यांत पाणी आणून चवीने खात बसतो, लठ्ठ आणि तृप्त. इव्हानला त्या तृप्तीचीच भीती वाटते. तो म्हणतो, माणसाला तीन अर्शिन नकोत, मळाही नको, सारी पृथ्वी हवी. ज्या घरात सातबारा गेल्याचे दुःख अजून ओले आहे तेथे हे बोलणे सहज पचणारे नाही. या गोष्टीवर ती मुलगी वहीत काय लिहील, हे शिक्षकांनी तांबडी लेखणी खाली ठेवून वाचावे असे आहे.