जिन्याचं दुसरं बटन

आमच्या बालाघाटच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा. त्यावरच्या दिव्याला बटन मात्र एकच, खाली ओसरीतल्या बोर्डावर. रात्री वर झोपायला जाणारा शेवटचा माणूस दिवा बंद करायचा आणि भिंतीला हात लावत अंधारात वर चढायचा. दिवा तसाच राहिला, तर सकाळी चहाआधी आईचा प्रश्न ठरलेला, "रात्रभर कोणासाठी जळत होता?" आम्ही भावंडं त्या पायऱ्या मोजतच मोठी झालो. नवव्या पायरीशी वळण, तिथल्या तीन पायऱ्या एका बाजूला निमुळत्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आई पहाटे खाली यायला निघाली आणि त्या वळणावरच तिचा पाय सरकला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. "माझंच लक्ष नव्हतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. पण दिवा तिच्या डोक्यावर होता आणि बटन चौदा पायऱ्या खाली, यात तिची काय चूक?

वरही एक बटन हवं, एवढंच काम होतं. ओळखीतून एक कारागीर आला. "दहा मिनिटांचं काम," म्हणाला आणि खरोखरच तासाभरात उरकलं. दिवा खालून लावा, वरून बंद करा. वरून लावा, खालून बंद करा. घरातली पोरं दोन दिवस नुसती बटनं दाबत होती.

दिवाळीच्या साफसफाईत माझी पुतणी ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली. तिने बल्ब काढला. होल्डर पुसण्याआधी मी सवयीने टेस्टर लावला, तर तो पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथेही पेटला. पुतणीने विचारलं, "काका, दिवा तर बंद आहे ना?" मी तिला आधी खाली उतरवलं आणि मेन स्विच पाडला.

या वेळी परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्यांनी दोन्ही बोर्ड उघडले आणि पाच मिनिटांत दुखणं सांगितलं. खाली आणि वर, दोन्ही बोर्डांत फेज आणि न्यूट्रल आधीपासूनच होते. वायर वाचवायला पहिल्या कारागिराने प्रत्येक बटनाला फेज-न्यूट्रल दोन्ही जोडले आणि दिव्याचं एक टोक खालच्या बटनाला, दुसरं वरच्या बटनाला दिलं. एका बटनाकडून फेज आणि दुसऱ्याकडून न्यूट्रल आला की दिवा लागतो. दोन्हीकडून न्यूट्रल आला तर बंद. आणि दोन्हीकडून फेज आला, तरीही बंद! म्हणजे दिवा विझलेला, पण होल्डरच्या दोन्ही टोकांवर २३० व्होल्ट. शिवाय दोन बोर्डांचे फेज वेगवेगळ्या एमसीबीवर होते; एक पाडला तरी दुसऱ्या बाजूने वीज येतच राहिली असती.

मग बरोबर जोडणी कशी? वायरमनने पुतणीला समजेल असं सांगितलं. "रेल्वेचे सांधे पाहिलेस ना? दोन स्टेशनांच्या मध्ये दोन रूळ आणि दोन्ही टोकांना सांधा. दोन्ही सांधे एकाच रुळाकडे वळलेले असले, तर गाडी पार होते. एक इकडे आणि एक तिकडे असला, की गाडी अडली. मग कुठलाही एक सांधा बदल, गाडी सुटते."

टू-वे बटनाला तीन टर्मिनल असतात. मधलं कॉमन हा सांध्याचा बुंधा आणि बाजूची दोन म्हणजे दोन रूळ. फेज खालच्या बटनाच्या कॉमनला येतो. तिथून दोन वायरी वरच्या बटनाच्या बाजूच्या टर्मिनलांना जातात. वरच्या बटनाचं कॉमन दिव्याला जोडतात. न्यूट्रल बटनांत शिरतच नाही, त्याच सर्किटमधून थेट दिव्याला जातो. दिवा बंद असताना फेज बटनांपाशीच अडतो. तीन मजल्यांचं घर असेल, तर मधल्या मजल्यावर चार टर्मिनलांचं इंटरमीजिएट बटन लागतं, तत्त्व हेच.

आमच्याकडे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर ओढली आणि सगळं सर्किट ६ अॅम्पियरच्या एकाच एमसीबीवर घेतलं. मेनवर ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबीही बसवून घेतला. शेवटी वायरमनने बटनांच्या चारही स्थितींत टेस्ट लॅम्प लावून पाहिला. दोन स्थितींत उजेड, दोन स्थितींत होल्डर खरोखर मेलेला.

वायरचे उरलेले तुकडे पुतणीने उचलून ठेवले. तांबं आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला निघतं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. हिंदुस्तान कॉपरची ती खाण १९८२ पासूनची. पण त्याच कंपनीचा रायगड जिल्ह्यातला तळोजा कारखाना वायरसाठी लागणारे तांब्याचे रॉड बनवण्यासाठी उभारलेला आहे, हे तिला नवीन होतं. बालाघाट आणि महाराष्ट्र असेही जोडलेले आहेत.

आईची एक तक्रार मात्र राहिली. आयुष्यभर बटन खाली दाबलं की दिवा चालू, वर केलं की बंद. टू-वे बटनाला असा चालू-बंद ठरलेला नसतो. समोरच्या बटनाची स्थिती काय, यावर सगळं अवलंबून. "घरातल्या माणसांसारखंच झालं," ती म्हणाली. आठवड्याभरात बटनाकडे न पाहता दिव्याकडे पाहायची सवय तिला लागली.

तुम्ही सुट्टीत आजी-आजोबांकडे गेलात, की रात्री एकदा त्यांचा जिना स्वतः चढून-उतरून बघा. बटन एकच असेल, तर दुसरं बसवून द्या. दोन असतील, तर दिवा बंद असताना होल्डरमध्ये वीज राहते का, हे वायरमनकडून तपासून घ्या. बोर्ड स्वतः उघडू नका.

आमच्याकडे आता पहाटे वरून टक् असा आवाज येतो, जिन्यात उजेड पडतो आणि आई खाली उतरते. पायऱ्या मोजायची तिची सवय मात्र गेलेली नाही.